माशीचा पाळणा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बोलायचे म्हणजे एखादा गोड विषय मिळेल, अशी माझी समजूत होती. मागच्या खेपेस नर्मदा परिक्रमा झाली, त्याआधी रांगोळीतील नक्षी झाली. माझ्या वाट्याला मात्र आल्या माश्या! चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवलेत, तेव्हा घरातल्या माश्या-डासांवर तुम्हीच बोला." मी म्हटले, "अहो, पण त्या दिवशी अल्पोपाहार आहे ना?" त्या म्हणाल्या, "म्हणून तर भाषण आधी ठेवले आहे."

तेव्हा आधीच क्षमा मागून ठेवते. अळ्या, उकिरडा, मोरी हे शब्द आज वारंवार येतील. त्यांना इलाज नाही. आणि हा विषय मी पत्करला त्याला जीवशास्त्राखेरीज आणखी एक कारण आहे. ते सांगताना मला थोडे जड जाणार आहे, म्हणून ते शेवटाकडे ठेवते.

आपल्याकडे रिकामटेकड्या माणसाला 'माश्या मारत बसला आहे' असे म्हणतात. ज्या कोणी हा वाक्प्रचार काढला, त्याला शास्त्र कळत होते असे मला वाटते. माश्या मारत बसणे हा खरोखरीच रिकामा उद्योग आहे. आपण काय करतो? वर्तमानपत्राची घडी करतो, नेम धरतो, दहांतली एक मारतो, आणि घाम पुसून समाधान मानतो. तेवढ्यात मारलेल्या माशीने आपले काम केव्हाच उरकलेले असते.

ते काम कोणते, ते पाहू. घरमाशी एका वेळी शंभर-सव्वाशे अंडी घालते. तिचे आयुष्य दोन ते चार आठवड्यांचे. तेवढ्यात अशा चार-पाच खेपा होतात. म्हणजे एकीची पाचशे झाली! अंडी पांढरी, लांबट, कणीपेक्षाही बारीक असतात. आपल्या उबदार हवेत दिवसाभराच्या आत त्यांतून अळी निघते. चार ते सहा दिवस ती ओल्या घाणीत पोटभर खाते, मग थोड्या कोरड्या जागी सरकते आणि तपकिरी कोशात स्वतःला बंद करून घेते. आणखी चार-पाच दिवसांनी कोशातून बाहेर येते ती उडणारी माशी. अंड्यापासून माशीपर्यंत साधारण आठ ते दहा दिवस. हा आकडा तेवढा पदराला गाठ मारून ठेवा. आजच्या भाषणाचे सार त्यातच आहे.

कारण असे पहा. उडणारी माशी आपल्याहून चपळ असते. पण अंडे, अळी आणि कोश यांना पंख नसतात. आठ-दहा दिवस तो जीव एकाच जागी, आपल्या हाती सापडण्याजोगा पडून असतो. आपण त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही आणि पंख फुटल्यावर मात्र पाठलाग करतो. माशी उडते कुठे हे पाहण्यात अर्थ नाही. तिचा पाळणा कुठे हलतो ते शोधायला हवे.

आता कोणी म्हणेल, बसली एखादी माशी पोळीवर, तर एवढे काय? माशीला दात नाहीत. तिला घास चावता येत नाही. म्हणून पोळी, पेढा, कापलेला आंबा यांवर बसली की ती आधी आपली लाळ आणि पोटातला थोडा रस त्यावर टाकते. पदार्थ विरघळला की सोंडेने ओढून घेते. चव घेते तीही पायांनी, त्यामुळे सगळीकडे चालून पाहण्याची तिला हौस. आणि पोळीवर येण्यापूर्वी ती कुठे चालली होती, ते मी या व्यासपीठावरून सांगत नाही. हगवण, आमांश, विषमज्वर, पटकी यांचे जंतू ती अंगाखांद्यावर आणि पोटात घेऊन हिंडते. आपल्या आज्या जाळीचे फडताळ वापरत, परातीवर दुरडी पालथी घालत, पानावर वाढून झाल्यावर पातेल्यावर पुन्हा झाकण ठेवत. त्यांना जंतूंची नावे ठाऊक नसतील, पण शिस्त पक्की होती. फ्रिज आल्यावर आपण फडताळ मोडीत काढले. ओट्यावर उघडी राहणारी भांडी मात्र तशीच राहिली.

मग घरात पाळणा असतो कुठे? पहिली जागा कचऱ्याचा डबा. आपण म्हणाल, आम्ही रोज पिशवी बदलतो. बरोबर आहे. पण पिशवीतून झिरपलेले पाणी डब्याच्या तळाशी साचते, त्यात चहाचा चोथा नि भाताची शिते पडतात, आणि त्यावर आपण नवी कोरी पिशवी घालतो. तिथेच पाळणा बांधला जातो. डबा धुवायचा आणि उन्हात पालथा घालून वाळवायचा. रोज जमले नाही तर दोन-तीन दिवसांनी तरी. ओला कचरा निथळून टाकायचा आणि झाकण घट्ट बसणारे हवे.

दुसरी जागा म्हणजे हौसेचे खत. गच्चीत, बाल्कनीत खत करणाऱ्या भगिनी आपल्यात बऱ्याच आहेत. चांगली गोष्ट आहे. पण भाजीची देठे नि फळांच्या साली वरच्यावर उघड्या टाकू नयेत. मधोमध खळगा करून घालाव्या आणि वर वाळक्या पाल्याचा किंवा नारळाच्या काथ्याच्या भुशाचा बोटभर थर द्यावा. ढीग आठवड्यातून दोनदा खालीवर करावा. चांगले खत आतून तापते आणि त्या उष्णतेत अळी जगत नाही. ती थंड, ओल्या कडेला जगते. म्हणून कडेचे आत आणि आतले कडेला. खताला पाणी सुटले, आंबूस वास आला, की समजावे कोरडा पाला कमी पडला.

उपायांबद्दल पुष्कळजणी विचारतात. कडुनिंबाची धुरी, कापूर, लिंबात टोचलेल्या लवंगा यांनी माशी घटकाभर दूर जाते, मरत नाही. आपल्या स्वयंपाकघरातून उठून शेजारणीच्या स्वयंपाकघरात बसते. दारात पाण्याने भरलेली पिशवी टांगतात, तिच्यावर मी विसंबणार नाही. निळ्या दिव्याची ताडताड वाजणारी यंत्रे बिचारे निरुपद्रवी पतंगच अधिक मारतात. डास त्या दिव्याकडे फारसे जातच नाहीत. जेवणाच्या टेबलावर तर ते यंत्र मुळीच नको. फुटलेल्या माशीचे कण खाली पानात येतात. त्यापेक्षा साधा पंखा बरा. वाऱ्याच्या झोतात डासाला नीट उडता येत नाही, माशीलाही अन्नावर टेकता येत नाही. आणि खिडक्यांना बारीक जाळी. पैसे खर्चायचेच असतील तर ते जाळीवर खर्चावेत.

"मग फवारा?" हा प्रश्न येणारच. त्यासाठी थोडा इतिहास सांगते. डीडीटी हे औषध किडे मारते हे पॉल म्यूलर या स्विस शास्त्रज्ञाने दाखवून दिले आणि त्याबद्दल त्यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण पारितोषिकाची बातमी येण्यापूर्वीच युरोपात त्या औषधाला दाद न देणाऱ्या घरमाश्या आढळू लागल्या होत्या. ज्या थोड्या वाचल्या, त्यांची प्रजा वाढली. दर दहा दिवसांनी नवी पिढी येणाऱ्या प्राण्याला वेळ तो किती लागणार! आपल्या देशात १९४७ च्या सुमारास वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई, असा अंदाज आहे. १९५३ मध्ये सरकारने हिवताप नियंत्रणाचा मोठा कार्यक्रम सुरू केला, घरोघर फवारणी झाली, आणि १९६५ पर्यंत रुग्ण जेमतेम एक लाखावर आले. केवढे हे यश! पण पुढे काय झाले? डास औषधाला सरावले, लोक आणि यंत्रणा दोन्ही सैलावली, आणि १९७६ मध्ये रुग्णांचा आकडा पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला. औषध वाईट म्हणून हे झाले असे मी म्हणत नाही; त्या औषधाने लाखो जीव वाचवले. पण पाळणा तसाच ठेवून नुसते औषध मारत राहिले, की असे होते. मग आपल्या हातातल्या फवाऱ्याच्या डब्याची काय कथा? तो मारायचाच झाला तर अन्न झाकून, मुलांना बाहेर काढून, दारे-खिडक्या काही वेळ बंद ठेवून आणि नंतर उघडून. देव्हाऱ्यात समई किंवा गॅस पेटलेला असताना तर नकोच.

माशीला लागू पडते तेच घरातल्या इतर उडत्या जिवांना. फळांच्या टोपलीवर घोंघावणारी चिलटे घ्या. आंब्याच्या दिवसांत ती 'आपोआप होतात' असे आपण म्हणतो. आपोआप काही होत नाही. पिकलेल्या फळाच्या सालीवर अंडी असतात, आणि आठ-दहा दिवसांत त्यांची चिलटे होतात. फळे आणल्याबरोबर धुवावीत, डागाळलेले फळ वेगळे करावे, कोयी-साली रात्रभर घरात ठेवू नयेत. उरलेल्या चिलटांसाठी वाटीत थोडे व्हिनेगर आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून ठेवावे. वासाने येतात आणि साबणामुळे पृष्ठभागावर तरता न आल्याने बुडतात. न्हाणीघराच्या भिंतीवर बसणाऱ्या इवल्या केसाळ माश्या मोरीच्या नळीत साचलेल्या बुळबुळीत थरात जन्मतात. वरून फिनेल ओतून तो थर जात नाही. लांब दांड्याचा ब्रश आत घालून खरवडावा आणि मग कढत पाणी ओतावे.

रव्याला जाळी धरली आणि डब्याचे झाकण उघडताच राखी पाकोळी उडाली, तर ती पाकोळी मारून थांबू नका. तिच्या अळ्या सगळ्या फडताळात फिरतात. प्रत्येक डबा तपासा, खराब झालेले टाका, फळीच्या फटी पुसून घ्या. रवा-मैदा थोडाच आणावा. आणल्यावर चार दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवला तर आतली अंडी मरतात. वर्षाचे धान्य कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावर कोरड्या डब्यात भरावे. तुरीला, गव्हाला एरंडेलाचा हात लावण्याची आपली जुनी रीत चांगली आहे. पण बोरिक पावडर पोटात जाण्याची वस्तू नव्हे. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. कोठारात धान्य राखण्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मिळतात, त्या घरात आणू नका. त्यांतून निघणाऱ्या वायूने झोपलेली माणसे दगावतात. चार किलो गव्हासाठी हा धोका पत्करायचा नाही.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पाखरांचा थवा येतो, ती पंख फुटलेली वाळवी. दिवे मालवले की ती निघून जाते. सकाळी पंख झाडून काढावेत, झाले. मात्र ती बाहेरून न येता आपल्याच दाराच्या चौकटीतून निघत असेल, तर सुताराला त्याच आठवड्यात बोलवा. आणि सगळ्याच उडत्या जिवांशी वैर नको. भिंतीवर मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी सहसा कोणाला डसत नाही. ती आपल्या बागेतल्या अळ्या नि कोळी धरून नेते. पावसाळ्यात घिरट्या घालणारा चतुर डास खातो. भिंतीवरची पालसुद्धा आपल्याच बाजूची आहे, हे पटणे कठीण असले तरी खरे आहे.

आता डासांकडे येते, आणि तिथेच माझी गोष्ट आहे.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. तोवर लोक समजत, हिवताप दलदलीवरून येणाऱ्या वाईट हवेने होतो. म्हणजे दोष बाहेरचा, गावाबाहेरचा. पुढे १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाची चौकशी करून अहवाल दिला, तेव्हा बोट ठेवले गेले ते घरोघरच्या विहिरींवर आणि पाण्याच्या टाक्यांवर. पुष्कळांना ते रुचले नाही. विहीर म्हणजे पुण्याची जागा. कित्येकांची श्रद्धा त्या पाण्याशी बांधलेली. तिथे डास जन्मतो हे ऐकून घेणे सोपे नव्हते. मी वर्गात हे कितीदा सांगितले असेल, आणि त्या लोकांना मनातल्या मनात किती हसले असेन!

२०२४ चा श्रावण आपल्याला आठवत असेल. आपल्या इमारतीत तापाचे रुग्ण सुरू झाले, माश्याही फार झाल्या. मी मूळची नाकावर माशी बसू न देणारी बाई. माझे अक्षर बरे, म्हणून महापालिकेला द्यायचा अर्ज मीच लिहिला: 'भिंतीपलीकडच्या वस्तीतील अस्वच्छतेमुळे माश्या व डासांचा उपद्रव होत आहे, तरी तिकडे त्वरित बंदोबस्त व्हावा.' घरोघर फिरून सह्याही मीच घेतल्या. वस्तीत जाऊन पाहावे, हे काही सुचले नाही.

त्याच आठवड्यात तळमजल्यावरच्या वहिनींची सात वर्षांची मुलगी तापाने फणफणली. डेंग्यू निघाला. पाच दिवस दवाखान्यात होती. त्यांतली एक रात्र अशी गेली, की वहिनींच्या घरी कोणी आणि माझ्या घरी मी, कोणीच झोपलो नाही. पोर वाचली, आज तुमच्यापुढे पहिल्या रांगेत बसून चुळबुळ करते आहे. वहिनींच्या परवानगीनेच हे सांगते.

अर्जाप्रमाणे आरोग्य खात्याची माणसे आली. आधी वस्तीत गेली. तिथे पाणी दिवसाआड येते, म्हणून घरोघर पिंपे भरलेली. पण बहुतेक पिंपांना जुन्या लुगड्याचे फडके सुतळीने करकचून बांधलेले. दोन पिंपांत अळ्या सापडल्या, नाही असे नाही. मग ती माणसे आपल्या इमारतीत आली. इथे अकरा ठिकाणी सापडल्या! कूलरमध्ये, मनी प्लँटच्या बाटलीत, गच्चीवरच्या झाकण उडालेल्या टाकीत, शहाळ्यांच्या करवंट्यांत. शेवटी एक पोरगेलासा कर्मचारी माझ्या बाल्कनीत आला. होळी झाली की मी पाखरांसाठी मातीचे परळ पाण्याने भरून ठेवते. माझ्या आईची रीत. त्याने परळावर बॅटरीचा झोत टाकला आणि मला जवळ बोलावले. पाण्यात बारीक काळपट अळ्या वळवळत होत्या. तो म्हणाला, "काकू, पाणी रोज घालता हो, पण ओतता कधी?"

मला उत्तर देता येईना. रोज सकाळी मी वरून पाणी घालत होते. जुने काढून, परळ घासून, नवे कधी भरले नव्हते. आणि रोज दुपारी शाळेतून आल्यावर तळमजल्यावरची ती पोर माझ्या बाल्कनीत, त्याच परळाशेजारी बसून चिमण्या मोजत असे.

डेंग्यूचा डास अंगावर पांढरे पट्टे असलेला. तो दिवसा चावतो. विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी. त्याला गटार नको, स्वच्छ साचलेले पाणी हवे. आणि तो जन्मल्या जागेपासून सहसा शंभर-दोनशे मीटरांपलीकडे फारसा जात नाही. हे सारे मला पाठ होते. तीस वर्षे शिकवले होते.

मी खाली जाऊन वहिनींना सांगितले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग उठल्या, फ्रिज पुढे ओढला आणि मागचे पाणी साचायचे ताट काढून पाहिले. त्यातही अळ्या होत्या. म्हणाल्या, "कोणाचा डास तिला चावला, ते आता देवालाच ठाऊक." त्यांनी मला क्षमा केली की नाही, हे मी आजवर विचारलेले नाही. पण परळातला असो, ताटातला असो, तो डास भिंत ओलांडून आलेला नव्हता असे मानायला पुरेसा पुरावा होता. आणि माश्या? आपल्या सोसायटीचा उघडा खतखड्डा त्याच भिंतीच्या अलीकडच्या बाजूला होता, हे आपण सगळ्या जाणतोच. पलीकडे वस्तीच्या तोंडाशी कचरा साचत होता हेही खरे; पण घंटागाडी आपल्या फाटकाशी येऊन तिथूनच परत फिरत असे, मग त्यांनी टाकावा कुठे?

दुसऱ्या दिवशी मी तो अर्ज मागे घेतला. वस्तीत गेले, ज्यांना मी ओळखत नव्हते त्या बायांपुढे बसले आणि झाले ते सांगितले. एक मावशी म्हणाल्या, "बाई, डास काय सही बघून चावतो का?" त्यांच्या या एका वाक्यात माझे आजचे सगळे भाषण आले.

त्यानंतर आपल्या मंडळाने शनिवारचा 'कोरडा दिवस' पाळायला सुरुवात केली. शनिवारच का, असे नव्या सभासद विचारतात. वार कोणताही चालेल. अंतर मात्र सात दिवसांचे हवे. डासाच्या अंड्याचा डास व्हायलाही आठवडा ते दहा दिवस लागतात. दर सात दिवसांनी पाणी ओतले, की डासाला पंख फुटण्याआधीच पाळणा मोडतो. आणि नुसते ओतून भागत नाही. या डासाची मादी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते, आणि ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात; पुन्हा पाणी मिळाले की फुटतात. म्हणून ओतायचे, काथ्याने घासायचे आणि वाळवायचे. कूलर, कुंड्यांखालच्या बशा, फुलदाणी, फ्रिजमागचे ताट, टाकीचे झाकण, जुने टायर, करवंट्या आणि पाखरांचे परळ. वीस मिनिटांचे काम आहे. टाकी रिकामी करता येत नाही, तिला झाकण किंवा फडके घट्ट हवे. फडके कसे बांधायचे ते वस्तीतल्या भगिनींनीच आपल्याला शिकवले. घरात डेंग्यूचा रुग्ण असेल तर त्याला दिवसासुद्धा मच्छरदाणीत निजवावे, कारण त्याला चावलेला डास पुढे दुसऱ्यांना ताप देतो. आणि तापात अंगदुखीसाठी ॲस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत, डॉक्टरांना विचारावे.

खतखड्ड्याला आता झाकण आहे, ढीग खालीवर करण्याच्या पाळ्या लावल्या आहेत. महापालिकेला नवा अर्ज गेला, अक्षर माझेच, पण सह्या भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या. मागणी एकच: घंटागाडी वस्तीच्या तोंडाशीही थांबावी. ती आता थांबते. रोज नाही, पण आठवड्यातून पाच दिवस तरी नक्की. उरलेल्या दोन दिवसांसाठी पुढचा अर्ज तयार आहे; चहाच्या वेळी सही केल्याशिवाय कोणी जाऊ नये.

माश्या संपल्या का? नाही संपल्या. आजही या मंडपात दोन हिंडताना दिसत आहेत. डास संपले का? तेही नाहीत. एका घराने कितीही घासले तरी ते संपायचे नाहीत; माशीला तर मैल-दीड मैल जायचेही काही वाटत नाही. हे काम एकटीचे नव्हेच. म्हणून पुढच्या वेळी घरात माशी दिसली, की नेहमीप्रमाणे 'कुठे माशी शिंकली' असे शेजारणीकडे पाहून म्हणू नका. आधी आपला डबा, आपली मोरी, आपले परळ पाहा, आणि मग शेजारणीला हाक मारा. तिला बोल लावण्यासाठी नव्हे, बरोबर घेण्यासाठी.

परळ मी अजूनही ठेवते. पाखरांचा काय दोष? रोज सकाळी ओतते, काथ्याने घासते, नवे पाणी भरते. तळमजल्यावरची पोर हातात घड्याळ घेऊन शेजारी उभी असते आणि काकू घासते की नाही, यावर लक्ष ठेवते. शनिवारी ती सगळ्या इमारतीवर लक्ष ठेवते.

 आता अल्पोपाहाराकडे वळू. वड्यांवर जाळी झाकलेली आहे, ती वाढून झाल्यावर पुन्हा झाकावी, एवढे सांगून मी आपली रजा घेते.